अठरा इंच

आर्विड टॉस्टरूडने कमरेने रेटा दिला तशी फुटपाथवरची वर्तमानपत्र विकायची पेटी करकरत रस्त्याकडे सरकली. खिशातली पट्टी काढून त्याने माप घेतलं. अकरा इंच. फुटपाथच्या कडेपासून पेटी निदान अठरा इंच आत हवी, असा नगरपालिकेचा नियम होता. म्हणजे सात इंचांचा गुन्हा झाला, पुरेसा होता. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने पोस्टाकडे चालू लागला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने स्वतःचीच पेटी चोरासारखी ढकलावी, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण बिचाऱ्याचा नाइलाज होता. ‘लिंडन फॉल्स बीकन’ हे आमच्या गावाचं साप्ताहिक त्याने आणि मार्गिटने मिळून एकेचाळीस वर्षं चालवलं. चार वर्षांपूर्वी मार्गिट गेली. जाताना म्हणाली, “कोपऱ्यावरची पेटी उभी आहे तोवर अंक बंद करायचा नाही, आर्विड.” तो हो म्हणाला. शेवटच्या घटका मोजणाऱ्या बायकोला माणूस दुसरं काय म्हणणार?

आता त्याला अक्षरं धड दिसत नव्हती. चर्चच्या ईस्टरच्या जेवणाची बातमी त्याने चुकून मागच्या वर्षीचीच छापली. मधल्या काळात वारलेल्या दोघा जणांनी मन लावून बटाटे सोलले, असं गावाने वाचलं आणि सभ्यपणे गप्प बसलं. तिकडे ॲरिझोनात मुलगी सोल्वेग त्याच्यासाठी खोली आवरून बसली होती. पण ती खोली मेअखेरपर्यंतच मोकळी, जूनपासून तिची सासू तिथे राहायला येणार होती. आज मेची चौदा तारीख.

दिलेला शब्द मोडणं आर्विडच्या रक्तात नव्हतं. पण पेटी नगरपालिकेनेच उचलून नेली, तर शब्द मोडला कुणी? नियम सोपा होता. पेटीत दोष दिसला की निरीक्षकाने नारिंगी नोटीस डकवायची, आणि दहा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही की पेटी जप्त. म्हणून मार्चमध्ये त्याने पेटीवर गंज चढू दिला. एका सकाळी बघतो तर ताजा हिरवा रंग! एप्रिलमध्ये मालकाचं नाव आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी खरवडून काढली. आठवड्याभरात नवी चिकटलेली. आणि गेले पंधरा दिवस पेटी सरकवावी, तर दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी. हा कोण उपटसुंभ उपकारकर्ता, ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तो कोपऱ्यावर गेला. नगरपालिकेची निरीक्षक शार्मेन ब्रुसार्ड गुडघ्यांवर बसून खांद्याने पेटी आत ढकलत होती.

“तू?”

शार्मेन दचकून उठली आणि गुडघे झटकू लागली.

“मिस्टर आर्विड, तुम्ही काही पाहिलं नाही. कळलं?”

“रंगसुद्धा तूच?”

“मीच. चिठ्ठीही मीच काढली, ऑफिसच्या यंत्रावर. साहेबाला बोलू नका. कुठली टवाळ कार्टी रोज पेटी सरकवतात कोण जाणे. सापडू देत, कान उपटते एकेकाचे.”

आर्विडने टोपी कानांवर ओढली.

“पण नियमाप्रमाणे…” तो म्हणाला.

“नियमाप्रमाणे मार्चमध्येच नोटीस लावायला हवी होती. माझ्याच्याने होईना. दोन वर्षं झाली मला लुइझियानाहून येऊन. या गावात माझ्याशी कुणी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. कोण कुणाचं कोण, कुणाकडे बाळ झालं, हे मला तुमच्या अंकातून कळतं.” ती जरा थांबली. “पण आता वरून विचारणा झालीय. एक तर नोटीस लाव, नाहीतर सगळं ठीक आहे असं लिहून दे. तुम्हीच सांगा. लावू का नोटीस?”

याच प्रश्नाची आर्विड मार्चपासून वाट पाहत होता.

“छे, छे. तुला कशाला त्रास,” तो म्हणाला.

आमच्याकडे पहिल्या झटक्यात कुणी काही घेत नाही. कॉफी असो, केकचा शेवटचा तुकडा असो. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, एवढं म्हणतेस तर’ म्हणून हात पुढे करायचा. लगेच हो म्हणणारा माणूस हावरट. मार्गिटने लग्नालासुद्धा तिसऱ्या खेपेलाच होकार दिला होता.

“नक्की ना?” शार्मेनने विचारलं. “थकला असाल तर मोकळेपणाने सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको. चाललंय तसं चालू दे.”

एवढं म्हणून तो वाट पाहू लागला. पेन तिच्या बोटांत तयार होतं. आता फक्त एकदा. त्याने टोपी काढून हातात धरली, तोंड किंचित उघडलं.

शार्मेनच्या गावाकडे नको म्हणजे नको. तिचा चेहरा फुलला.

“वाटलंच मला. तुम्ही कसले हार मानताय!”

तिने उभ्या उभ्या लिहून टाकलं: कडेपासून अठरा इंच, रंग ठीक, दोष नाही. मग कागदावर त्याची सही घेतली. सही करायला त्याने बराच वेळ लावला. वयामुळे असेल, असं तिला वाटलं.

“आणि हे बघा, उद्या माणसं पाठवून चारी पायांना बोल्ट ठोकून घेते फरशीत. नियमात बसतं. मग कुणाच्या बापाच्यानेही हलणार नाही. विचारत नाहीये मी, सांगतेय.”

“फार उपकार झाले,” आर्विड म्हणाला. असं काही कुणी केलं की आमच्याकडे तेवढंच म्हणतात.

गुरुवारच्या अंकात पहिल्याच पानावर बातमी होती: कोपऱ्यावरची पेटी आता कायमची पक्की झाली. खाली संपादकांनी निरीक्षक बाईंचे मनःपूर्वक आभार मानले होते. येणं जमत नाही, हे सांगायला सोल्वेगला फोन करायचा होता. त्याऐवजी आर्विडने तो अंक पाकिटात घातला आणि टपालाने पाठवून दिला.