उजवा पाय

एडनहून जळकोटला यायला जैनोद्दीनला अठरा दिवस लागले, आणि त्या अठरा दिवसांत त्यानं एकच वाक्य पाठ केलं. बोटीत म्हटलं, मुंबईच्या मुसाफिरखान्यात म्हटलं, सोलापूरच्या मोटार अड्ड्यावर म्हटलं. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या शिपायानं पेटी उघडायला लावून जकातीजोगं काय आणलंस म्हणून विचारलं, तेव्हाही तेच तोंडावर आलं होतं. शिपायाला सांगून भागलं असतं तर त्यानं तिथंच उरकलं असतं.

वाक्य असं होतं : अव्वा, बंडप्पाच्या डोक्यावर म्या पाय ठिवला.

लढाई सुरू झाल्यावर दोघं जळकोटहून बरोबरच एडनला गेले होते. बंडप्पा वाण्याचा, लहानपणापासून तराजू धरलेला. त्याला धक्क्यावर कोळसा तोलायला बसवलं. जैनोद्दीन पाटीवर. एकानं उचलायचं आणि किती उचललं ते दुसऱ्यानं सांगायचं. संध्याकाळी दोघं सारखेच काळे दिसत. तिथं झाड नाही, ओढा नाही. बंडप्पा म्हणायचा, देवानं इथं नुसती जागा धरून ठेवलीय, सामान अजून यायचंय.

वैशाखात तो पाच दिवसांच्या तापानं गेला.

दफ्तरातल्या कारकुनानं विचारलं, जाळायचा की पुरायचा. जैनोद्दीन म्हणाला, बसवायचा. कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला. तसा रकाना नव्हता. मग मयत निजामाच्या राज्यातला आहे असं कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं बंडप्पाला मुसलमानांच्या वहीत चढवलं. तिथून त्याला बाहेर काढण्यात जैनोद्दीनचा अर्धा दिवस गेला. शेवटी कारकुनानं डोंगराच्या पायथ्याशी जागा दाखवली, काय बसवायचं ते तिकडं बसवा म्हणाला.

जैनोद्दीनचा बाप जळकोटात विहिरी फोडायचा आणि लिंगायतांच्या समाध्याही तोच खणायचा, म्हणून पोराला रीत ठाऊक होती. मयताला मांडी घालून खड्ड्यात बसवायचं, गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर द्यायचं. मग लिंगायतांच्या गुरूंनी, जंगमस्वामींनी, त्याच्या डोक्यावर उजवा पाय ठेवायचा. त्याशिवाय माणूस सुटत नाही.

बसलेल्या माणसाला खड्डा खोल लागतो, आणि एडनची जमीन म्हणजे कातळ. दोन सोमाली हमाल घेऊन जैनोद्दीन सकाळपासून घाव घालत होता. दुपारपर्यंत खड्ड्याभोवती चाळीसेक माणसं डबे-घागरी घेऊन रांगेत उभी. त्या गावात एवढं खोल कुणी खणलं तर ते पाण्यासाठीच. जैनोद्दीननं खालून परोपरीनं सांगितलं की पाणी नाही, माणूस बसवायचाय. रांग हलली नाही. एवढं खणून पाणी नाही म्हणतो तो पाणी लपवतोय, असंच त्यांना वाटलं. बंडप्पाला आणलं तेव्हा कुठं सगळ्यांनी डबे खाली ठेवले. पण घरी कुणीच गेलं नाही.

एडनात जंगम नव्हता. जैनोद्दीननं फावडं उचललं, पण माती लोटवेना. रांगेतल्या एका म्हातारीकडं घागरीच्या तळाला ओंजळभर पाणी होतं. ते मागून त्यानं पाय धुतला.

जळकोटात बंडप्पाच्या आईला, मल्लम्माला, हे काही ठाऊक नव्हतं. पाच महिन्यांमागं गेलेल्या पत्रात फक्त समाधी दिली एवढंच होतं. पोरगा सुटला की अडकला ते कळेना, म्हणून ती दोन्ही वेळा त्याच्या नावाचं ताट वाढायची. मग अन्न टाकवत नाही म्हणून तेही स्वतःच खायची. त्यानं ती जराशी अंगानं भरली होती आणि याची तिला लाज वाटत होती.

तिनं जैनोद्दीनला ओसरीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं.

"नीट बसवला व्हय?"

"मांडी घालून, अव्वा. लिंग डाव्या हातात दिलं."

"आन् स्वामी कुठले गाठलास?"

"तिथं स्वामी न्हायत."

"मग?"

अठरा दिवसांचं पाठांतर तुकड्यातुकड्यानं बाहेर पडलं. "म्या ठिवला. पाय. म्याच."

मल्लम्मा त्याच्या पायाकडं बघत राहिली.

"धुतला व्हता?"

"व्हय. एका म्हातारीनं पाणी दिलं."

"कंचा?"

"उजवा."

ती उठून आत गेली. भाऊबंदांना हाक मारणार, असं जैनोद्दीनला वाटलं. पळावं की बसावं हे ठरेना, म्हणून तो बसूनच राहिला. ती परात आणि तांब्या घेऊन आली. स्वामी घरी आले की त्यांचे पाय धुवायला हीच परात निघायची.

"ठिव."

त्यानं पाय मागं घेतला. "अव्वा, म्या जंगम न्हाय."

"तू कोन हायस ते ठावं हाय मला. विहिरी फोडणाऱ्याचा जैना. ठिव पाय."

तिनं पाय धुतला. टाचेच्या भेगांतला कोळसा निघेना, तशी ती अंगठ्यानं घासत राहिली आणि म्हणाली, येवढ्या वाटंत येकदा तरी घासायचा व्हता की रं. मग परातीतलं पाणी तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायली.

त्या दिवशी तिनं रोजच्यासारखीच दोन ताटं वाढली. दुसरं जैनोद्दीनपुढं सारलं. तो जेवून उठला तसं ते ताट तिनं घासून पुसून फडताळात पालथं घातलं.