खुणेचा काप

४×

इतक्या लांबून अहिल्या नुसता एक ठिपका दिसते. मुनिरकाच्या गल्लीतली चौथ्या मजल्यावरची खोली, तिथून चालत जाता येईल अशी संस्था, संस्थेचं तळघर, तळघरात सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्यापुढे हा ठिपका. रविवारी तो फरीदाबादला आईकडे जातो, डबा घेऊन परत येतो. पुन्हा तळघर.

मेंदूला सूज आली की तारापेशी चिडतात. ॲस्ट्रोसाइट हे त्यांचं प्रयोगशाळेतलं नाव. एरवी त्या बारीक फांद्यांनी मज्जापेशींची काळजी घेत असतात, त्यांना भरवतात, त्यांची घाण काढतात. चिडल्या की जाड होतात, फांद्या फुगवतात, आणि कधी कधी ज्यांना सांभाळायचं त्यांनाच मारतात. अहिल्याकडे एक औषध आहे. ते दिलेल्या उंदरांच्या मेंदूत चिडलेल्या पेशी कमी दिसतात. हे खरं असेल तर तिची पाच वर्षं खरी.

खरं आहे का, ते या भिंगातून दिसत नाही.

१०×

आता माणसं दिसतात. दोन. अहिल्या मोजते, आणि कृतिका लपवते.

कृतिका तिची खोलीतली जोडीदार आणि लॅबमधली ज्युनिअर. मेंदूचे काप काचांवर लावलेले असतात. मोजणाऱ्याला कोणती काच औषधवाल्या उंदराची आणि कोणती बिनऔषधवाल्याची हे कळता कामा नये, म्हणून कृतिका प्रत्येक काचेच्या नावावर टेप चिकटवते आणि वर दुसरं नाव लिहिते. बाकीचे लोक अ, ब, क लिहितात. ती भाज्या लिहिते.

"ताई, आज काय मोजलं?"

"टिंडा. फार चिडलाय."

"आणि भिंडी?"

"भिंडी एकदम शांत, यार. भिंडी नक्की औषधवाली असणार."

"मी काही बोलणार नाही."

कृतिका तोंडावर टेप लावल्याचा अभिनय करते. दोघी हसतात. बरोबर असतं अहिल्याचं. बहुतेक वेळा बरोबर असतं.

४०×

फरीदाबाद. स्वयंपाकघर. तव्यावर धिरडं. या भिंगाखाली फक्त बोलणं मावतं. आई म्हणजे सरलाताई. दिल्लीतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या.

"टिंडा? मेंदूला टिंडा नाव?"

"अगं, खरं नाव झाकायला. मला कळू नये म्हणून."

"अच्छा, म्हणजे आमच्या दहावीच्या पेपरांसारखं."

"बिल्कुल तसंच. तुम्हीही रोल नंबर झाकायचात ना?"

"झाकायचो की. पण उपयोग काय? दिल्लीत दहावीला मराठी घेणारी पोरं ती कितीशी! सगळी गणपतीच्या नाटकात नाचलेली. नंबर झाकला तरी अक्षर थोडंच झाकतं? पहिल्या ओळीला कळायचं, ही आपल्या सुनीतीची अनुष्का. 'ळ' काढते की जिलबी."

"मग मार्क जास्त द्यायचीस?"

"छे! उलट दोन कमीच. पक्षपात नको म्हणून."

"आई! तोही पक्षपातच झाला."

"झाला ना. मी कुठे नाही म्हणते? ओळखलं की हात जड तरी होतो, नाहीतर सैल तरी. न ओळखल्यासारखा राहत नाही. घे, गरम आहे."

"ओळखलं की हात जड, नाहीतर सैल."

"अहिल्या? धिरडं घे."

"नको. पोट भरलं."

"दोनच तर खाल्लीस. चेहरा का असा केलास? तुला नाही कापले मी मार्क, तू संस्कृत घेतलं होतंस."

१००×

या भिंगाला तेलाचा थेंब लागतो, आणि दिसतं ते अगदी थोडं. एकच गोष्ट.

एक खाच.

मेंदूचे पातळ काप करण्याआधी त्याच्या एका बाजूला ब्लेडने छोटी खाच देतात. नंतर काचेवर डावं कोणतं, उजवं कोणतं, हे कळावं म्हणून. सगळेच देतात. अहिल्या खाच सरळ मारते. कृतिकाची तिरकी जाते, शेवटी जरा वळते.

गेल्या पावसाळ्यात अहिल्याला डेंग्यू झाला. तेव्हाचे सगळे मेंदू कृतिकाने कापले, बाकीचे अहिल्याने. आणि तेव्हाचे बहुतेक उंदीर औषधवाले होते.

पेशी मोजायच्या तर आधी छोट्या भिंगाखाली जागा शोधावी लागते. तिथे खाच दिसतेच. रोज दिसली आहे. टिंड्याची सरळ. भिंडीची तिरकी, शेवटी जरा वळलेली.

फरीदाबादहून परतताना मेट्रोत अहिल्याने डबा मांडीवर घट्ट धरला होता. अर्धवट फुगलेली फांदी चिडकी धरायची की शांत, हे डोळाच ठरवतो. आपल्या डोळ्याने ते किती वेळा भिंडीची खाच बघून ठरवलं?

भिंग बदलून

"पण तू मुद्दाम नाही केलंस, ताई."

"मुद्दाम केलं असतं तर किती केलं ते तरी माहीत असतं."

"कोणाला कळणार आहे?" कृतिका म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "सॉरी. माझाच हात वाकडा."

"हात नाही वाकडा. तुझा आहे, एवढंच."

सोमवारी अहिल्या मॅमकडे गेली. तिच्या गाइड चंद्रप्रभा मॅम बोलतात कमी, आणि हिंदीत. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"तुम ना बताती, तो किसी को पता चलता?"

"नहीं, मॅम."

"अच्छा. बैठो, चाय पियो."

चहा झाल्यावर म्हणाल्या, पुन्हा मोजा. तू नाही, ती नाही, तिसरं कोणी.

तिसरा म्हणजे उन्मेष. शेजारच्या लॅबमध्ये माशांच्या कानांवर काम करणारा, मूळचा यवतमाळचा. कृतिकाने खाच वगळून फक्त पेशींचे फोटो काढून त्याला दिले. भाज्यांची नावंही काढून टाकली. तो दुपारी जेवण झाल्यावर यायचा आणि मोजताना मोठ्याने विचारायचा, "ही चिडलेली आहे की फक्त जाडी आहे?" कोणी उत्तर द्यायचं नाही. "बरं, माझा मीच ठरवतो. माझी बायकोही अशीच गप्प बसते."

आलेख पडद्यावर आला तेव्हा तिघं उभी होती. आधी ठिपक्यांचे दोन वेगळे थवे होते, त्यांच्यात मोकळी जागा होती. आता ते एकमेकांत शिरले होते. औषधवाले किंचित खाली. फरक आहे म्हणावं तरी उंदीर कमी पडत होते, नाही म्हणावं तरी कमीच.

"म्हणजे मी बिघडवलं?" उन्मेषने विचारलं.

"नाही," अहिल्या म्हणाली. "मी मोजलं तेव्हा जास्त सुंदर होतं, बस."

अहिल्याची फेलोशिप मार्चपर्यंतच होती. मॅम म्हणाल्या, उंदरांचा नवा गट घे, मार्चचं मार्चमध्ये बघू.

भिंगाशिवाय

मुनिरकाची खोली, संध्याकाळ. ओट्यावर पनीर. कृतिकाला अहिल्यासारखी सरळ खाच शिकायची होती. तिने पनीरच्या तुकड्यांना ब्लेडने खाचा दिल्या, अहिल्यानेही दिल्या, तुकडे ताटात मिसळले आणि जेवायला आलेल्या उन्मेषपुढे ठेवले.

"कोणाची कोणती?"

"ही कृतिकाची. हीपण. ही ताईंची." त्याने एकही चुकवली नाही. "घाबरत घाबरत सरळ मारलेली आणि सरळच मारलेली. दिसतं ना."

कृतिकाने कपाळावर हात मारला. पनीर भुर्जीत गेलं.

नव्या गटातले मेंदू आले तेव्हा कुप्या एका ओळीत मांडल्या होत्या, वर नुसते आकडे. उंदीर कोणते औषधवाले ते मॅमच्या कपाटात बंद होतं. अहिल्याने ब्लेड उन्मेषच्या हातात दिलं.

"मी? मी माशांचा माणूस आहे हो. उंदराच्या मेंदूला कधी हात लावला नाही."

"म्हणूनच. सगळ्यांना तूच खाच दे. आणि कापायचं कामही तुझंच."

"कुठून मारू?"

"डाव्या बाजूला, वरून खाली. सगळ्यांना सारखीच."

त्याने पहिली कुपी उघडली आणि हात हवेतच थांबवला. "बघता का, बरोबर आहे का ते?"

अहिल्या तोवर भिंतीकडे तोंड करून उभी होती. कृतिकाचा खांदा धरून तिने तिलाही वळवलं.

"नाही बघत," ती म्हणाली. "मार."