बिरदेवच्या फणाची स्प्रिंग

बिरदेवनं स्प्रिंग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरली आणि अंगठ्यानं दाबली. पडद्यावर मुंबईचे न्यायमूर्ती पुढं झुकले.

"तुम्ही बोलू नका, मी बोलते," असं पुण्याच्या वकीलबाईंनी सकाळीच बजावलं होतं. पण न्यायमूर्ती मराठी निघाले आणि म्हणाले, ज्यानं बनवली त्यालाच सांगू द्या.

पेटंट कचेरीनं अर्ज फेटाळला होता: दाट वेढ्यांची काय, विरळ वेढ्यांची काय, दोन्ही तऱ्हेच्या स्प्रिंगा जुन्याच, त्या जोडणं कुठल्याही जाणकार कारागिराला सहज सुचलं असतं. त्यावरचं हे अपील. हरलं की न्हावऱ्यापासून दौंडपर्यंतच्या वर्कशॉपवाल्यांना नक्कल करायला रान मोकळं. बनवणाऱ्याचं नावसुद्धा उरणार नव्हतं.

"साहेब, ट्रॅक्टरचा फण दगडाला धडकला की मोडतो. म्हनून ही एकाच तारंची, निम्मी दाट, निम्मी विरळ. बारका खडा आला तर दाट वेढे दबत्यात. मोठा धोंडा आला तवाच विरळ कामाला लागत्यात. घरात बारकं काम पोरं करत्यात, जड वझं आलं की बाप उठतो. तसंच."

न्यायमूर्ती हसले. "वा! लगेच समजलं."

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण रांजणगावच्या कंपनीत वीस वर्षं काढलेल्या बिरदेवला एकच रीत ठाऊक. साहेबानं वाहवा केली की आपण लहान व्हायचं.

"ह्यात अवघड काय न्हाई, साहेब. कुनालाबी सुचंल."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत वकीलबाईंनी डोळे मिटले.

नऊ वर्षं, पोतंभर मोडक्या स्प्रिंगा, करंगळीचं एक पेर; आणि शहाण्यानं एका वाक्यात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. निकाल सांगताना न्यायमूर्तींनी बाकीच्या कारणांच्या जोडीला तेही वाक्य घेतलं. अपील फेटाळलं. त्यांचा आवाज गोडच होता, आणि तेच बिरदेवला जास्त लागलं.

अंकितानं लॅपटॉप मिटला. "आप्पा, आसं कशाला बोलला वो?" ती हळूच म्हणाली.

बिरदेवनं लेकीकडे न बघता स्प्रिंग फडक्यात गुंडाळली.

बाहेर ओट्यावर गिताबाई कांदा निवडत होती. नवऱ्याचं बोलणं तिनं कान देऊन ऐकलं होतं. निकाल इंग्रजीत होता, तो तिला कळला नव्हता. पदराला हात पुसत ती आत आली. चेहरा उजळला होता.

"आवं, नऊ वरसं सांगत व्हता, माझ्या टकुऱ्यात शिरत नव्हतं. आज समजलं बगा. आन् त्या साहेबालाबी समजलं की! हसला बी." ती थांबली. "मंजी जिकलो न्हवं आपन?"

अंकितानं मान खाली घातली.

"व्हय," बिरदेव म्हणाला. "समजलं त्यास्नी."