बाहेरचा टॅग

सकाळी अकराच्या सुमारास फर्निचरच्या गोदामातून फोन आला. तिथला कारकून हसत होता. "मावशी, आमच्या प्रिंटरमधून कपाटांची चलनं निघायची, तर कुणाकुणाच्या रक्ताचे रिपोर्ट निघतायत. सतरा झाले!"

"वाचू नका. पालथे घालून ठेवा," मावशी म्हणाल्या.

कंपनीत त्या एकवीस वर्षं होत्या. इमारती-इमारतींना इंटरनेट आणि खासगी लाइनी पुरवायचं काम. वयानं मोठ्या, म्हणून सगळा मजला त्यांना मावशी म्हणे, साहेबसुद्धा.

त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. हॉस्पिटल आणि गोदाम, दोघांनाही बाहेरचा टॅग, म्हणजे कंपनीच्या तारांवरचा ओळख-नंबर, एकच दिला होता. गोदामाला नवा टॅग द्यायला चार मिनिटं लागली. रिपोर्ट यायचे थांबले. मग हे काम कुणी केलं ते त्यांनी पाहिलं. शनिवारी, घाईघाईत, खुद्द साहेबांनी. हॉस्पिटलची मांडणी उचलून गोदामाला चिकटवली होती, आणि नंबर बदलायचा राहून गेला होता.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. "अहवालात लिहा, हॉस्पिटलच्या नेटवर्क-स्विचमध्ये बिघाड."

"त्यांचा स्विच धुतल्या तांदळासारखा आहे, साहेब."

"मावशी, इतकं कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना."

साहेबांचा चेहरा उतरला, मग ताठरला. "केबलच्या यार्डात बसायचंय का तुम्हाला? रिळं मोजत?"

"चूक कुणाच्याही हातून होते. माझ्याही झाल्यात, पण त्यांचं खापर मी कधी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं नाही. यार्डात तर यार्डात."

बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो शिंपी होता. मागे शिलाई मशीन घरघरत होतं. सगळं ऐकून त्यानं मशीन थांबवलं.

"नोकरी गेली तर?"

"तर तुमच्याकडे काजं करीन."

"तुझी काजं बघितलीत मी. नोकरीच टिकव बाई," तो म्हणाला. मग हळूच, "पण खोटं लिहू नकोस."

मावशींनी अहवाल जसं घडलं तसा लिहिला, खाली सही केली, तो हॉस्पिटलला पाठवला, आणि तिथल्या प्रयोगशाळेत फोन लावला. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहून घेतला.

"सतरा जणांना मला सांगावं लागेल," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच तुम्हाला लपवाछपवी न करता सांगतेय."

"पण झालं कसं?"

"तुम्ही प्रयोगशाळेला आत वीस नंबर दिलाय. गोदामानंही आपल्या छपाईला वीसच दिला. ते चालतं, आपापल्या घरात कुणी काहीही नंबर द्यावा. आमच्या तारांवरून जाताना आम्ही त्यावर आमचा दुसरा नंबर चढवतो, प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा. आतलं नाव, बाहेरचं आडनाव. आम्ही दोघांना एकच आडनाव दिलं. त्यात तुमच्या दोघांच्या प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ताही नेमका सारखा. चूक आमची."

दुपारी साहेब धावत आले. "तो अहवाल परत मागवा!"

"आता तो त्यांच्याकडे आहे. परत घ्यायचं बटण असतं, तरी दाबलं नसतं."

सोमवारी त्यांची बदली यार्डात झाली. पत्र्याची शेड, एक टेबल, एक पंखा, आणि माणसाच्या उंचीची रिळं. आठवड्यानं साहेबांचा निरोप आला, माफीचा अर्ज द्या, परत घेतो. मावशींनी कोरा कागद पाकिटात घालून पाठवला.

हॉस्पिटल मात्र गप्प बसलं नाही. चौकशी लागली. साहेबांना समज मिळाली, आणि वरून हुकूम आला की, दुसऱ्या जाणकाराच्या सहीशिवाय एकही नवी जोडणी सुरू करायची नाही. हॉस्पिटलनं लेखी कळवलं, आमच्या लाइनला हात लावायचा तर सही मावशींचीच हवी.

मग एके दिवशी साहेब स्वतः यार्डात आले. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचा कागद पुढे केला. "तेवढी सही. उद्या उद्घाटन आहे."

मावशींनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं. एका ओळीवर ते थांबलं.

"हा बाहेरचा नंबर आधीच एका शाळेला दिलेला आहे."

"मावशी, माणसं खोळंबलीत!"

"खोळंबू देत," म्हणत त्यांनी कागद त्यांच्या हातात परत ठेवला. "बदलून आणा. मी पाचपर्यंत आहे."