दुप्पट झालेले सरडे

एकोणीस वर्षं मी त्या बेटावरचे सरडे मोजतेय. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, तिथेही जेमतेम चाळीस. प्रत्येकाच्या गळ्याखालची खवल्यांची नक्षी वेगळी असते. मी फोटो काढते, जुन्या फोटोंशी ताडून बघते. तीन आठवडे पाठ मोडून घेते, तेव्हा कुठे एक मोजणी होते.

वनखात्यातल्या आमच्या नव्या साहेबांना एवढा धीर कुठला? यंदा त्यांनी स्वतःची माणसं पाठवली. सापडेल त्या सरड्याच्या पाठीवर लाल रंगाने नंबर घालायचा. बिनरंगाचा दिसला की तो नवा. दोन महिन्यांत ब्याऐंशी सरडे झाले.

"बाई, तुम्हाला एकोणीस वर्षांत जमलं नाही ते आम्ही करून दाखवलं," म्हणत साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. सरडे दुप्पट झालेत, बेट राखीव ठेवायची गरज नाही. खाली माझी सही हवी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पर्समधली डबी काढून मी त्यांच्या टेबलावर उपडी केली. बेटावरच्या कपारींतून वेचलेले कातीचे वाळके तुकडे होते ते. एकावर लाल सात, एकावर अकरा, एकावर तेवीस.

"सरडे कात टाकतात, साहेब. कातीबरोबर तुमचा रंगही गेला, आणि तुमच्या माणसांनी त्याच सरड्यांना पुन्हा नवे नंबर दिले."

साहेबांनी तुकडे हाताने बाजूला सारले. "वर आकडा कळवून झालाय. तुम्ही फक्त सही करा."

"मग या सात नंबरची घ्या," मी म्हटलं. "तुम्ही त्याला दोनदा मोजलंय, तो दोन सह्या करील."