आमच्याकडे भाडेकरू नाहीत

खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बत्तीस वर्षं बाकावर उभं केलं. तीच मी, वसुमती, बंगळुरातल्या मल्लेश्वरमची निवृत्त गणिताची बाई, मंगळवारी फोनवर धडधडीत खोटं बोलले.

कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, "वरच्या मजल्यावर कोण भाडेकरू आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे भाडेकरू नाहीत," आणि फोन ठेवला. आमच्या गल्लीत सगळे असंच सांगतात. विचारणारा एकतर दलाल असतो, नाहीतर महापालिकेचा घरपट्टीवाला. जिभेला वळणच पडलंय त्याचं.

हा मात्र पोलीस होता. माझ्या वरच्या खोलीत दोन वर्षं तिगिस्त राहते. इथिओपियाची पोर, नाचणीवरच्या रोगाचा अभ्यास करते. तिला व्हिसा वाढवून हवा होता, आणि दिलेल्या पत्त्यावर ती खरंच राहते का, याची चौकशी चालली होती. शुक्रवारी तिला मेल आला : पत्त्याची खात्री पटली नाही, अर्ज नाकारला जाऊ शकतो.

"अक्का, तीन महिन्यांत प्रबंध द्यायचाय," ती म्हणाली. "आता परत जावं लागलं तर सगळं संपलं."

फोन मीच घेतला होता, हे मी तिला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती खाली मान घालून बसली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळीच तिला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार रविकिरण शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच नाही म्हणालात. आता तुमच्या शब्दावर हो कसं लिहू? शेजारचा साक्षीदार हवा."

ते आमच्याबरोबरच घरी आले. उजवीकडच्या घराला वर्षभर कुलूप आहे. डावीकडे प्रमोदिनी. शेवग्याच्या एका फांदीवरून सहा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नाही. अडला हरी म्हणतात ना, तशी मी तिच्या फाटकाशी उभी राहिले.

"यांच्याकडे कुणी परदेशी मुलगी राहते का?" हवालदारांनी विचारलं.

प्रमोदिनीनं आधी मला नखशिखांत न्याहाळलं. माझा जीव टांगणीला लागला.

"राहते का म्हणजे?" ती कडाडली. "दोन वर्षं राहते! रोज सकाळी सहाला कॉफीच्या बिया तव्यावर भाजते, धूर थेट माझ्या देवघरात. कपडे वाळत घालते, पाणी माझ्या तुळशीवर. रविवारी गच्चीत उभी राहून आईशी फोनवर बोलते, तासभर, मोठ्यानं. मला एक शब्द कळत नाही, पण ऐकावं लागतं सगळं! आषाढात ताप आला होता तेव्हा चार दिवस धूर नव्हता. मग मीच गच्चीवरून अंबील दिली स्वल्प."

तापाचं मला ठाऊक होतं. अंबिलीचं नव्हतं.

हवालदारांचं पान भरलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "एवढी खात्री आजवर कुणी दिली नाही. रिपोर्ट आजच पाठवतो." त्यांनी प्रमोदिनीची सही घेतली. मग माझ्याकडून 'मी आधी चुकीचं सांगितलं' असं लिहून घेतलं. मी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं.

ते गेल्यावर तिगिस्तनं प्रमोदिनीला वाकून नमस्कार केला.

"नमस्कार राहू दे. कपडे नीट पिळत जा," प्रमोदिनी म्हणाली. मग सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुम्ही तर बोलत नाही अक्का. ही पोरगीही गेली असती तर मी भांडायचं कुणाशी?"

मला रडू आलं, आणि राग शोधून सापडेना. मी आमचं फाटक उघडून धरलं.

"आत या," म्हटलं. "आज माझ्याशीच भांडा."