नळीतलं सोनं

"धुऱ्याच्या पल्याड बाई, काय हालते काळं काळं
गाणं माहं पुढं चाले, मागं माहं पाऊल खुळं…"

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता खूप वर्षं झाली. घाटंजीजवळच्या आमच्या गावात सत्यशीला नवी सून म्हणून आली होती आणि डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन शेताकडे निघाली होती. मी खुंटीवर टांगलेली होते. ते गाणं माझ्या पोकळ नळीत शिरलं आणि कितीतरी वेळ आतल्या आत घुमत राहिलं.

मी ठासणीची एक जुनी बंदूक आहे. शिसमाचा दस्ता, एकच लांब नळी, आणि वाकड्या मानेचा घोडा. आजकालची काडतुसं मला चालत नाहीत. माझ्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधी, मग छर्रे, ते सगळं गजाने ठासायचं, मागे इवलीशी टोपी बसवायची, तेव्हा कुठे मी बोलणार. तोवर रानडुक्कर दोन शेतं ओलांडून पाहुण्यांच्या गावी पोचलेलं असतं!

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या दस्त्यावर एक मोर कोरला होता. सत्यशीलेचे सासरे डोमाजी यांनी पिकाच्या राखणीचा परवाना काढून मला घरी आणलं. त्यांचा एक नियम होता. "दारूआंधी गज फिरवाचा. नळी मोकळी हाय का नाही, ते पयले पाह्याचं." आणि बार काढायचा तो आभाळाकडे, नुसत्या आवाजासाठी. माझ्या हातून कधी कुणाला ओरखडाही निघाला नाही, याचं मला फार समाधान आहे.

डोमाजी गेले आणि परवाना देवरावांच्या नावावर झाला. देवराव म्हणजे सत्यशीलेचा नवरा. उंचापुरा गडी, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावा. ते मला खांद्यावर टाकल्याशिवाय शेतात पाऊल ठेवत नसत. शेजारच्या इंदुताई विचारायच्या, "काहून जी भाऊजी, रोजच्या रोज कायले वागवता ते लोखंड?"

"वाघ हाय इंदुताई, वाघ! जंगल पाह्यलं का किती जवळ हाय?"

"वाघ तुमच्या मिशा पाहूनच मरते. बंदूक ठेवा घरी."

सगळे हसायचे. मीही हसायचे. पण वाघाचं नाव निघालं की देवरावांची बोटं माझ्या दस्त्यावर जरा घट्ट व्हायची. ते मला एकटीलाच कळायचं.

खरं सांगू, माझे दिवस मजेत जात. माझ्या टोकाला दुपारचं फडकं लटकायचं. माझ्याच टोकाने बोरं झोडली जायची. आणि दसऱ्याला तर काय विचारता! तेलपाणी, हळदकुंकू, झेंडूचा हार. सगळी माणसं एकमेकांना आपट्याचं सोनं देत, तर देवराव मलाही देत. दस्त्यावर ठेवलेलं पान घसरून पडतं, म्हणून ते एक जुडी माझ्या नळीच्या तोंडात खोवायचे. "घे माय, सोनं घे." दुसऱ्या दिवशी आठवणीने काढून टाकायचे.

पण गेल्या खेपेला दसरा संपला न संपला तोच विधानसभेची निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा, असा निरोप आला. देवरावांनी घाईघाईने मला चादरीत गुंडाळलं. सोनं आतच राहिलं, आणि मोटारसायकलच्या धक्क्यांनी पार तळाशी गेलं.

ठाण्याच्या खोलीत आम्ही कितीतरी जणी भिंतीला टेकून उभ्या होतो. गळ्यात चिठ्ठ्या, अंगावर धूळ. वेळ घालवायला गप्पा निघाल्या. एका कापूस व्यापाऱ्याची दोननळी म्हणाली, "आमच्या मालकाला धमकीचा फोन आला होता. तेव्हापासून मी गाडीत त्यांच्या शेजारी बसते." दुसरी एक म्हणाली, "आमचं घर गावापासून लांब, मळ्यात. माझी धनीण मला उशाशी ठेवते, तेव्हा तिच्या म्हातारीला झोप लागते." एक चकचकीत बाई लाजत म्हणाली, "मी फक्त लग्नात फोटोला जाते."

मला विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणाले, "वाघासाठी!" पण ते म्हणताना मला देवरावांची ती घट्ट बोटं आठवली.

निकाल लागल्यावर मी घरी आले. दारातच सत्यशीलाबाईंनी आमचं दोघांचं स्वागत केलं.

"आली का सवत! पाहा आता, यांचा गुडघा आजच बरा होते."

"गुडघा खरंच दुखत होता वं," देवराव म्हणाले.

"हो ना! बंदूक ठाण्यात गेली त्या दिवशी धरला, आन् ठाण्यातून सुटली त्या दिवशी सुटला. तुमच्या गुडघ्यालेबी आचारसंहिता लागली होती वाटते!"

तेव्हा मला कळलं की इतके दिवस देवराव शेताकडे फिरकलेच नव्हते. तूर शेंगांवर आली होती, डुकरं रोज एक पट्टा लोळवत होती, आणि सत्यशीलाबाई एकट्याच तेलाचा रिकामा डबा बडवत, गाणं म्हणत राखण करत होत्या. अजून थोडी तूर लोळली असती, तर वर्षाचं वरण गेलं असतं.

त्याच दिवशी, ऊन कलताना, आम्ही तिघं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचलो. तूर सळसळली. आतून एक थोराड रानडुक्कर बाहेर आलं आणि सुळे रोखून आमच्याकडे बघू लागलं.

देवरावांनी मला खांद्यावरून काढलं. घाईतही बापाचा नियम आठवला. आधी गज फिरवला. गज तळाला पोचायच्या आतच अडला! त्यांनी मला उलटी करून झटकलं, तर तळहातावर आपट्याचा वाळका चुरा पडला. दारूचा डबा खिशातच राहिला. समोर डुक्कर, आणि देवरावांच्या मुठीत दसऱ्याचं सोनं.

"द्या आता त्याले," सत्यशीलाबाई पुटपुटल्या. "म्हना, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." आणि त्यांनी डबा बडवायला घेतला.

"डुकर जवाईबापू, कुठं गेली तुमची वरात
सासू वाट पाहून राह्यली, जा मुकाट्यानं घरात!"

त्या गाताना माझी नळी त्यांच्या इतक्या जवळ कधीच नव्हती. काठी डब्यावर नीट पडत नव्हती. दुसऱ्या ओळीला आवाज कापला. पण त्या थांबल्या नाहीत. जवाईबापूंनी फुसकारा टाकला, शेपटी उडवली आणि जंगलाची वाट धरली.

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्हा बंदुकांना कुलपात ठेवा, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि माया म्हणूनसुद्धा नळीत काही खुपसू नका. त्या दिवशी गज फिरवला नसता, तर माझी नळी फुटून देवरावांच्याच हातात आली असती. आणखी एक. घरात कुणाचा गुडघा फारच दुखायला लागला, तर हसून मोकळे होऊ नका. घटकाभर शेजारी बसा.

त्या संध्याकाळी दोघं धुऱ्यावर तसेच बसले. मी मध्ये आडवी होते. देवराव कितीतरी वेळ तो पानांचा चुरा बोटांनी चोळत राहिले.

"सत्यशीला," ते म्हणाले, "वाघ-बिघ काही नाही वं. मले भेव लागते. बाबा होते तवा ते पुढं राह्यचे. ते गेले, आन् एकट्यानं इथं पाय ठेवाचा म्हनलं का गुडघा धरते. हे खांद्यावर असली का चालता येते, बस."

मला वाटलं, आता टोमणा येणार. आला नाही. सत्यशीलाबाईंनी डबा पालथा घातला, त्यावर हात टेकला आणि तुरीकडे पाहत म्हणाल्या,

"तुमाले काय वाटलं, मले लागत नाही? नवी नवरी होती तवापासून लागते. म्हनून त गानं म्हनतो मी."